‘लाईन आली का?’ : मराठवाड्यात नव्यानं आलेल्यांसाठी

आमच्या बँकेच्या शाखेत रत्नागिरीकडचे एक तरुण साहेब रुजू झाले, त्याला आता दोन वर्षं होतील. लातूर जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. राहायला त्यांनी तात्यांच्या माडीवरची खोली घेतली. तिसऱ्या की चौथ्या रात्री साडेनऊला तात्यांनी अंगणातून हाक दिली, "साहेब, ओ साहेब! लाईन आली का वो?"

साहेब तेव्हा गॅलरीत उभे राहून होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलत होते. त्यांनी घाईघाईनं फोनवर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नाही हो तात्या, मी तसला माणूस नाही. माझं लग्न ठरलंय."

तात्या गप्पच झाले. बोअरच्या स्टार्टरची पेटी जिन्यात, साहेबांच्या दाराला लागून आहे. पेटीवरचे तिन्ही बल्ब लागलेत का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

तेव्हापासून आमच्याकडं बदलून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा एक शब्द शिकवतो. 'करायलाव', 'जायलाव', 'लई', 'कव्हा' हे महिन्याभरात कानाला सवयीचं होतं. लाईनचं तसं नाही. तो इंग्रजी शब्द आपल्याला येतोच असं प्रत्येकाला वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो. शिकायला अकरावी-बारावीसाठी लातूरला आलेली पोरं, सोलरच्या कामावर आलेले इंजिनिअर, दवाखान्यात रुजू झालेले डॉक्टर, सगळ्यांना हे उपयोगी पडेल. एकेक पायरी घ्या. घाई नाही.

पायरी पहिली : शब्दाचं शेपूट बघा

मराठीत लाईन ही बाई आहे. इंग्रजीत ती ना बाप्या ना बाई. इकडं आली आणि ओळ, रांग, रेघ, रेषा अशा बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली. म्हणून एक लाईन, चार लायनी. प्रत्यय लागला की मधे बहुतेकदा एक ई घुसते : लाईनीत, लाईनीवर, लाईनीनं. म्हातारी माणसं 'लायन' म्हणतात, तेही बरोबरच समजा.

अर्थाचा निम्मा निकाल या प्रत्ययातच लागतो. "पोरगं कोणत्या लाईनला आहे?" म्हणजे धंदा-नोकरी काय करतं. मेडिकल लाईन, बांधकाम लाईन, गाडीलाईन. "पोरगं लाईनीला लागलं" म्हणजे कमवायला लागलं, आईबापाच्या जिवाचा घोर मिटला. पुस्तकी मराठीत मार्गी लागलं. त्याच्याच आधी 'वाईट' लावलं की मात्र बाटली, पत्ते, मटका यातलं काहीतरी समजायचं. "गाडी लाईनवर आहे" म्हणजे ट्रक भाडं घेऊन रस्त्यात आहे, आज भेटणार नाही. "आता आला लाईनीवर" म्हणजे आडमुठा माणूस वठणीवर आला. "लाईनीत या" हे आमचा शिपाई दिवसातनं पन्नास वेळा म्हणतो, त्याचा अर्थ सांगायला नको.

आणि 'ची'? तिथं सांभाळा. साहेबांनी एकदा कर्जाची फाईल घेऊन आलेल्या बाईंना अगदी आस्थेनं विचारलं, "मावशी, तुमच्या मुलाची लाईन कोणती?"

मावशी म्हणाल्या, "आसंल एखांदी. त्यो मला कुटं सांगायलाय?"

काउंटरच्या अलीकडचे-पलीकडचे सगळे हसले. साहेबांना वाटलं मावशी विनोदी आहेत. 'ला' लागला की लाईन म्हणजे धंदा, 'ची' लागला की लाईन म्हणजे जितीजागती पोरगी किंवा पोरगा. 'मुलगा कोणत्या लाईनला आहे' असं विचारलं असतं तर मावशींनी ट्रॅक्टरचं सगळं गणित सांगितलं असतं.

पायरी दुसरी : क्रियापद येईपर्यंत तोंड उघडू नका

मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि लाईनच्या बाबतीत हे आपल्या फायद्याचं आहे. वाक्य पुरं होऊ द्या.

आली, गेली, ट्रिप झाली म्हणजे वीज. फुटली, चोकअप झाली म्हणजे पाईप. ओढली म्हणजे खांबावरून तार नेली. टाकली म्हणजे पाईप पुरला. पण तेच पेपर टाकणारं पोरगं म्हणालं तर "माझी लाईन टाकून झाली" म्हणजे त्याची पहाटेची घरं वाटून संपली. कट झाली म्हणजे फोन तुटला, आणि कट केली म्हणजे बिल थकलं होतं. एका 'टाकली'त दोन अर्थ येतात, तिथं बोलणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघायचं : पाना का पेपरचा गठ्ठा.

मारणे या क्रियापदाची गंमत वेगळीच. प्राथमिक शाळेत बाई म्हणायच्या, "वहीत लाईनी मारा." समास सोडायचा, पट्टी धरायची, रेघ ओढायची. लाईनी मारणं शाळेतलं, लाईन मारणं शाळेबाहेरचं. अनेकवचन सोज्वळ, एकवचन चावट. असा शब्द मराठीत दुसरा मला तरी आठवत नाही.

क्लिअर होणे हे रेल्वेचं देणं. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पुढच्या स्टेशनचा मास्तर 'मधला रस्ता मोकळा आहे' असं कळवतो, मगच अलीकडचा मास्तर गाडी सोडतो. त्या परवानगीचं नावच लाईन क्लिअर. पूर्वी त्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात मोठ्या कड्याला अडकवलेल्या पिशवीतून धातूचा गोळा दिला जायचा. आमच्याकडं रूळ एकेरीच होते, त्यामुळं हा शब्द स्टेशनाबाहेर पडून थेट सोयरिकीत शिरला. "पोरीकडची लाईन क्लिअर हाय, आता तुमचं बोला," असं मध्यस्थ म्हणतो तेव्हा तो नकळत स्टेशनमास्तर झालेला असतो.

लागली म्हणजे रांग. ही लाईन आम्हाला इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाणी वाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, आणि त्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, 'जलदूत'. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत लाईनीत माणसं कमी आणि घागरी जास्त असायच्या. पहाटे घागर ठेवून जायचं, नंबर घागरीचा. कुणाची घागर कुणी मागं सरकवली की भांडण. प्लास्टिकच्या घागरी वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांत दगड टाकून ठेवलेले असायचे. आमच्याकडच्या माणसासमोर "काय ती लाईन लावता पाण्याला" असं हसत म्हणू नका, एवढंच सांगतो.

ब्रिटिश माणूस या रांगेला लाईन म्हणत नाही बरं का. तो क्यू म्हणतो, आणि क्यू म्हणजे फ्रेंचमध्ये शेपूट. लाईनीत उभं राहणं ही अमेरिकेची बोली. आपण राज्य साहेबाचं भोगलं आणि बोली अमेरिकेची उचलली.

पायरी तिसरी : एक रात्र शिवारात काढा

हे वाचून येत नाही, म्हणून मी साहेबांना एका डिसेंबरात भावाच्या शेतावर घेऊन गेलो. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे शिवाराला वीज आणणाऱ्या तारेला, रात्रीची पाळी होती. शेतीची लाईन चोवीस तास नसते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी पाळीनं मिळते. घरातली ती लाईट, शेतातली ती लाईन. तार एकाच खांबावरून आली तरी बोलण्यात हा फरक पाळतात. "लाईट गेली" म्हटलं की बाई मेणबत्ती शोधते. "लाईन गेली" म्हटलं की बाप्या चप्पल शोधतो.

बांधावर सहा-सात माणसं, शेकोटी, अंगावर घोंगडी. समोर लिंबाला ठोकलेली पत्र्याची पेटी, तिच्यावर तीन फेजचे, म्हणजे मोटार चालवणाऱ्या विजेच्या तीन तारांचे, मुगाएवढे तीन बल्ब : लाल, पिवळा, निळा. तिन्ही विझलेले. साडेअकराच्या सुमाराला पहिला लाल लुकलुकला. साहेब उठले, भाऊ म्हणाला, "बसा साहेब, एकच फेज हाय." मग पिवळा. मग बराच वेळ काही नाही. कुणीतरी डीपीला शिव्या दिल्या. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, इथं त्याला दुसरं नाव कुणी वापरत नाही. आणि एकदम निळा लागला.

"लाईन आलीऽऽ!"

ही आरोळी एका मळ्यातनं दुसऱ्या मळ्यात, तिथनं तिसऱ्या, अशी ओढ्यापर्यंत गेली. त्यामागनं मोटारी चालू होण्याचे आवाज, एकामागं एक. जो आधी बटण दाबेल त्याची मोटार नीट उचलते. उशीर झाला की दाब उतरतो आणि मोटार नुसती गुरगुरते. आमच्या पाईपातनं आधी हवा आली, खोकल्यासारखी, मग गाळाचं पाणी, मग स्वच्छ. साहेबांनी हात धुतले. बोअरचं पाणी थंडीत कोमट असतं, याचंच त्यांना नवल.

एवढं बघितल्यावर बाकीचं समजावावं लागत नाही. 'बोर्डाचा माणूस' कोण, हे तेवढं सांगतो. वीज मंडळ मोडून २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या, तरी गावात अजून बोर्डच आहे आणि खांबावर चढणारा लाईनमन अजून बोर्डाचाच आहे. त्याचा फोन नंबर इथं जावयाच्या नंबराच्या आधी पाठ असतो. आणि 'आकडा' हा शब्द ऐकलात तर तो बेरजेतला नव्हे. तारेवर टाकलेला, चोरीचा. त्याबद्दल बँकेच्या माणसानं फार विचारू नये.

पायरी चौथी : चटणी खा, म्हणजे मूळ सापडेल

बारे धरून झाले, म्हणजे पिकाला पाणी देऊन झालं, आणि दोन वाजता आम्ही शेकोटीपाशी जेवायला बसलो. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, कांदा आणि जवसाची चटणी. साहेबांनी विचारलं, "हे काय? तिळासारखं लागतंय, पण तीळ नाही." मी म्हटलं, "साहेब, ही लाईन आहे. खा."

थट्टा नव्हती ती. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला लिनुम म्हणतात. वनस्पतिशास्त्रात आजही त्याचं नाव लिनम युसिटाटिसिमम, म्हणजे फार उपयोगाचं जवस. आपण त्याचं बी घेतो, तेल काढतो, कढईत तडतडेपर्यंत भाजून सुकी मिरची, लसूण, मीठ घालून कुटतो. युरोपात त्याची दुसरी जात लावतात, उंच वाढणारी. तिची काडी पाण्यात कुजवायची, झोडपायची, आतला धागा काढायचा. त्या धाग्याचं कापड ते लिनन. आणि नुसता ताणलेला धागा ती लिनेआ, म्हणजे लाईन. सुतारानं फळीवर ताणला, गवंड्यानं पायावर ताणला, कोळ्यानं पाण्यात सोडला. धाग्याची खूण ती रेघ, रेघेत उभी राहिलेली माणसं ती रांग, रेघेनं जाणारी ती वाट, वाटेनं चालणारा तो धंदा. सगळा पसारा एका जवसाच्या काडीतून निघाला. कपड्याच्या आतलं अस्तर, लायनिंग, तेही पूर्वी लिननचं असायचं म्हणून त्याला ते नाव. जवसाच्या तेलापासून एकोणिसाव्या शतकात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम निघालं. आणि बायकांच्या आतल्या कपड्यांना जे फ्रेंच नाव आहे तेही याच काडीचं, पण ते मी साहेबांना त्या रात्री सांगितलं नाही, शेजारी भाऊ होता.

आता आपल्याकडचं बघा. आपला धागा कापसाचा, त्याचं नाव सूत. उदगीरला अजून राष्ट्रध्वजाची खादी विणतात, तिथं जाऊन सूत हातात घेऊन बघा वाटल्यास. सुतार हा शब्द मुळात सूत्रधार, म्हणजे दोरी धरणारा. वाकड्याला 'सुतासारखा सरळ करीन' म्हणतो, म्हणजे लाईनीवर आणीन. घर बांधायच्या आधी इंजिनिअर पांढरी फक्की टाकून लाईनआऊट देतो, आणि गवंडी त्याच फक्कीवर लाईनदोरी बांधतो : एकाच शब्दात इंग्रजी दोरी आणि मराठी दोरी शेजारीशेजारी. आणि दोघांचं जमलं की आपण काय म्हणतो? सूत जुळलं. तिकडं जवसाचा धागा शेवटी प्रेमात गुंतला, इकडं कापसाचाही तिथंच. लाईनचा कुठला अर्थ अडला की मी मनात तिथं 'सूत' ठेवून बघतो. दहातल्या आठ वेळा लागू पडतं. वीज म्हणजे तार, पाईप म्हणजे लांबवलेली नळी, रांग, वाट, प्रेम, सगळीकडं दोन टोकं आहेत आणि मधे काहीतरी ताणलेलं आहे.

साहेबांनी चटणी मागून घेतली. आता त्यांची आई दर फेरीला डबा भरून नेते.

पायरी पाचवी : इंग्रजी बोलीतल्या लायनी वेगळ्या ठेवा

इथं घोळ होतो तो मोबाईलवर इंग्रजी मालिका बघणाऱ्या पोरांचा. तिकडच्या बोलीत लाईन म्हणजे बऱ्याचदा बोलणं, तेही घोटून पाठ केलेलं, समोरच्याला गुंडाळणारं. नटाचं वाक्य ती लाईन. त्यावरून पोरीशी ओळख काढायला फेकलेलं तयार वाक्य ती पिकअप लाईन. म्हणजे इंग्रजाची लाईन तोंडानं मारायची असते. आपली डोळ्यांनी. बसस्टँडवर दोन तास उभं राहून एक शब्द न बोलता आपल्याकडचा गडी "लाईन मारली" म्हणून घरी येतो, इंग्रजाला हे समजणारच नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात फुशारकी मारण्याला 'शूट अ लाईन' म्हणायचे. काही तुकड्यांत त्यासाठी वहीच असायची, लाईन बुक. कुणी फार फेकली की ते वाक्य तिच्यात तारखेसह टिपून ठेवायचं. अशी एक वही आमच्या पारावर ठेवली तर आठवड्याला एक भरेल.

'डू अ लाईन' हे ऐकलंत तर बोलणारा कुठला ते आधी विचारा. आयर्लंडमध्ये जुन्या बोलीत त्याचा अर्थ कुणाबरोबर तरी जमवणं, फिरणं. इतरत्र त्याचा अर्थ कोकेनची भुकटी काचेवर ओळीत मांडून नाकानं ओढणं. तेव्हा परदेशातल्या मित्राशी बोलताना "रात्रभर शेतात लाईनची वाट बघत होतो" याचं भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका.

खिसे 'लाईन' करणं म्हणजे पैसे खाणं. हे अस्तरावरून आलंय, खिशाला आतून नोटांचं अस्तर. आमच्याकडं यासाठी इंग्रजीची गरज कधी पडली नाही.

सगळ्यात काळी गोष्ट डेडलाईनची. आज कुठल्याही कचेरीत मार्चअखेर आला की हा शब्द उडत असतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा तळ होता. भोवतीच्या कुंपणाच्या आत काही अंतरावर एक हलकंसं लाकडी कठडं, तीच डेडलाईन. ती ओलांडली, नुसता हात पलीकडं गेला, तरी पहारेकरी गोळी घालायचे. त्या तळाचा अधिकारी हेन्री विर्झ याला युद्ध संपल्यावर, नोव्हेंबर १८६५ मध्ये, फाशी झाली. पुढं छापखान्यातून आणि वर्तमानपत्रांतून हा शब्द फिरत फिरत वेळेच्या मर्यादेवर येऊन बसला. आमच्याकडचे शेतकरी पीकविम्याच्या अर्जाला 'लास्ट डेट' म्हणतात, डेडलाईन म्हणत नाहीत. मला तेच बरं वाटतं.

पायरी सहावी : मारायची लाईन

या पायरीवर रेंगाळू नका. लाईन मारणे म्हणजे मागं लागणे, बघत राहणे; लाईन देणे म्हणजे तिकडून होकारासारखं काहीतरी येणे. पारावर, कॉलेजच्या कट्ट्यावर, मित्रामित्रांत हे चालतं. वडीलधाऱ्यांसमोर चालत नाही, बायकांसमोर तर नाहीच, आणि ज्या मुलीबद्दल बोलताय तिच्या भावासमोर का चालत नाही हे सांगायला नको. हसण्यावारी नेतात म्हणून हलकं समजू नका : मुलीनं नको म्हटल्यावरही मागं फिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, पहिल्या वेळीच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथं कुणी लाईन-बिईन म्हणत नाही.

पायरी सातवी : आता स्वतः बोला

सुरुवात विजेच्या लाईनपासून करा, तिच्यात धोका नाही. सकाळी दुधवाल्याला विचारा, "मामा, रात्री लाईन कव्हा आली?" तो थांबून पाच मिनिटं बोलेल, दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलणार नाही एवढं. मग 'कोणत्या लाईनला' वापरा. 'लाईनीला लागलं' हे अभिनंदन म्हणून वापरा, कुणाच्या पोराला नोकरी लागली की. 'लाईनीवर आणतो' हे मात्र वर्षभर तरी वापरू नका. ते बोलायचा हक्क इथं राहून मिळतो, बदलीच्या ऑर्डरनं नाही.

पोलीस लाईन हा पत्ता आहे, रांग नव्हे. इंग्रजांच्या छावणीत शिपायांच्या राहुट्या ओळीनं लागायच्या, त्या ओळी म्हणजे लाईन्स. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपासून ते जिल्ह्याजिल्ह्यातल्या पोलीस वसाहतींपर्यंत तेच नाव चालत आलं. रिक्षावाल्याला "लाईनीत सोड" म्हटलंत तर तो तुम्हाला पोलिसांच्या क्वार्टरपाशी उतरवेल.

आणि ऑनलाईन. ही आमच्याकडची सगळ्यात तरुण लाईन. ऑनलाईनवाला म्हणजे सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे अर्ज काढून देणारा दुकानदार. "ऑनलाईन झालं का?" म्हणजे अर्ज भरला का. "ऑनलाईन मारू का?" म्हणजे पैसे मोबाईलवरून देऊ का. इथं पुन्हा मारू आलंय, पण लाजायचं कारण नाही. भाजीवाल्या मावशीही म्हणतात, "मारा की साहेब ऑनलाईन, सुट्टे न्हाईत माझ्याकडं."

साहेबांचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं. बायको चिपळूणची, शिक्षिका. ती आली त्याच आठवड्यात, रात्री नऊ-साडेनऊला अंगणातून तात्यांची हाक आली, "साहेब, लाईन आली का वो?" साहेब जेवत होते. उठले, डाव्या हातानं दार उघडलं, पेटीकडं बघितलं आणि जिन्यातनंच ओरडले, "एकच आहे तात्या, अजून दोन यायच्यात!"

आत येऊन पुन्हा ताटावर बसले, तेव्हा समोरच्या बाईंनी वाढणं थांबवलं होतं.